डीपीपासून विहिरीपर्यंत

रात्री दीडला ‘थ्री फेज आली रे’ म्हटल्यावर बॅटरी घेऊन द्राक्षबागेकडे पळाला नाही, असा पोरगा तासगाव तालुक्यात शोधावाच लागेल. पण बटन दाबल्यावर घुमत फिरणारी ती मोटार मुळात सुचली कुणाला? टेस्ला म्हटलं की आपल्याला कार आठवते. माणूस आठवत नाही.

निकोला टेस्लाचा जन्म १८५६चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावचा. ग्रात्सला शिकताना त्यानं डीसी मोटारीच्या ब्रशमधून उडणाऱ्या ठिणग्या बघितल्या. ब्रशशिवाय मोटार फिरली पाहिजे, असं तो म्हणाला, तर प्राध्यापकांनी ते अशक्य आहे म्हणून भर वर्गात सांगितलं. १८८२मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत फिरताना त्याला उत्तर सापडलं. एकापाठोपाठ एक चढणारे-उतरणारे प्रवाह वेगवेगळ्या कॉइलमध्ये सोडले, की चुंबकीय क्षेत्रच गोल फिरतं आणि आतला रोटर त्याच्यामागं पळतो. बस, एवढंच! तरी १८८४ला अमेरिकेत गेलेल्या या माणसानं मध्यंतरी दोन डॉलर रोजावर चर खणले. १८८८मध्ये मोटारीचं पेटंट मिळालं आणि वेस्टिंगहाउसनं ते विकत घेतलं. (त्याची मोटार दोन फेजची होती. तीन फेजची आणली डोब्रोव्होल्स्की नावाच्या इंजिनिअरनं. श्रेय एकट्याचं कधीच नसतं.)

१८९६ला नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली, ११ हजार व्होल्टवर. हा आकडा ओळखीचा वाटला? तुमच्या बांधावरून डीपीकडे जाणारी लाईन तेवढ्याचीच आहे. व्होल्टेज वाढवलं की तेवढीच वीज कमी करंटमध्ये जाते, आणि करंट निम्मा झाला की तारेतलं नुकसान चौथाईवर येतं.

टेस्लाला मात्र व्होल्टेजची भूक लागली. १८९९मध्ये कोलोरॅडोत त्यानं लाखो व्होल्टच्या कृत्रिम विजा पाडल्या. बिनतारी वीज जगभर पाठवायचा मनोरा उभारला, पैसे संपले, तो अर्धाच राहिला. १९४३मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत तो एकटाच वारला.

पण नुसती मोटार पाणी उपसत नाही, पंप लागतो. आणि इथं गोष्ट आपल्या शेजारी, पलूस तालुक्यात येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर टेस्लापेक्षा तेरा वर्षांनी लहान. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, तर रंगच नीट ओळखता येईनात. मग ड्रॉइंग शिकवलं, बढती डावलली गेली तशी नोकरी सोडली, बेळगावात सायकली विकल्या. लोखंडी नांगर बनवला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! १९१०मध्ये औंधच्या राजानं कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, पुढं तिथं पंप बनू लागले. १९४६ला याच घराण्यानं बेंगळुरूत मोटारींचा कारखाना काढला.

आमच्या मते बुद्धी टेस्लाची मोठी. पण गिऱ्हाइकानं तोंड फिरवल्यावरही त्याच्याच दारात टिकून राहायची चिकाटी लक्ष्मणरावांची. तासगावच्या विहिरीवर दोघंही एकाच चौकटीत बोल्टनं आवळलेले आहेत.

आणि काम अजून संपलेलं नाही. एक फेज गेला की मोटार गुरगुरते, उरलेल्या फेजमधून जादा करंट ओढते आणि जळते. नेमकं मणी फुगायच्या दिवसांत. कुणी कंडेन्सर टाकून दोन फेजवर चालवतं, कुणी ऑटो स्विच लावून झोपतं. यावर स्वस्त, भरवशाचा इलाज तुमच्यातलाच कुणी आयटीआयवाला का काढणार नाही? पुढच्या वेळी जळकी मोटार रिवाइंडिंगला टाकून लगेच परत फिरू नका. ती उघडेपर्यंत थांबा. काही कॉइल कोळशासारख्या काळ्या असतील आणि त्यांच्या शेजारच्या नव्यासारख्या चकचकीत. का, ते मिस्त्रीलाच विचारा.