फुलपांखराखालची चिठ्ठी

आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलींत कांचेच्या झांकणाची एक जुनी पेटी आहे. तींत टांचणीनें टोंचलेलीं वीस-बावीस फुलपांखरें आणि रात्रीं दिव्याभोंवतीं फिरणाऱ्या जातीचे दोन मोठे पतंग आहेत. नवे विद्यार्थी पहिल्या दिवशीं तिच्याभोंवतीं गर्दी करतात. परंतु तीं कोणीं, कोठें व कोणत्या सालीं पकडलीं हें कोणासच सांगतां येत नाहीं. कारण एकाही टांचणीस चिठ्ठी नाहीं.

लंडन येथील नॅचरल हिस्टरी म्युझियमनें हातीं घेतलेल्या कामाचें मोल आम्हांस या पेटीनेंच शिकविलें. त्या पदार्थसंग्रहालयांत सर्व मिळून सुमारें 8 कोटी नमुने आहेत. त्यांपैकीं ब्रिटन व आयर्लंड येथील 1,81,545 फुलपांखरांची संगणकांत नोंद केल्याचा वृत्तांत 2016 सालीं प्रसिद्ध झाला. काम ऐकावयास सोपें, करावयास मोठें नाजूक. जुन्या खणांतून एकेक फुलपांखरूं टांचणीसह उचलावयाचें. बोट लागलें कीं पंखावरील खवल्यांची भुकटी झालीच! टांचणींत ओंवलेल्या चिठ्ठ्या हलकेच काढून बाजूस मांडावयाच्या, छायाचित्र घ्यावयाचें, नमुन्यास स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा व तो नव्या खणांत ठेवावयाचा. मग तीं बारीक, फिकट अक्षरें लावून जात, स्थळ, दिनांक व पकडणाराचें नांव उतरून घ्यावयाचें आणि तें स्थळ नकाशावर हुडकावयाचें.

मेलेल्या किड्यांसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कांहीं पालक विचारतील. तेथील शास्त्रज्ञांनीं चार जातींच्या, 1876 ते 1999 या काळांत पकडलेल्या 2,630 फुलपांखरांच्या तारखा तपासल्या. तेव्हां ज्या वर्षीं वसंत ऋतु उबदार त्या वर्षीं त्यांतील बहुतेक जाती लवकर उडूं लागतात असें 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत दाखविलें गेलें. शंभर वर्षांपूर्वीं जाळें घेऊन रानांत हिंडणाऱ्या त्या हौशी गृहस्थांस पृथ्वीच्या वाढत्या तापमानाची चिंता खास नव्हती. त्यांनीं दिनांक तेवढा लिहिला. तोच आज उपयोगी पडला.

आतां आमच्या देशाचा प्रश्न. कर्नल चार्लस स्विन्हो हे 1883 सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकीं एक. मुंबई व दख्खन येथील फुलपांखरें व पतंग यांवर त्यांनीं 1885 सालीं लेख लिहिला. ज्या नमुन्यांवरून त्यांनीं नव्या जातींस नांवें दिलीं, त्यांपैकीं पुष्कळ लंडनमध्येंच आहेत. म्हणजे पुण्याचा पतंग ओळखण्यासाठीं पुणेकरानें समुद्र ओलांडावयाचा! यास्तव आमचें स्पष्ट मत असें कीं, जे नमुने परदेशांतून नेले गेले त्यांचीं छायाचित्रें व चिठ्ठ्या प्रथम उघड्या कराव्या. ही कृपा नव्हे, देणें आहे.

मात्र छायाचित्र झालें म्हणून मूळ नमुना निरुपयोगी झाला असें जे म्हणतात त्यांशीं आम्ही सहमत नाहीं. कित्येक पतंग बाहेरून अगदीं सारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचे अवयव तपासल्यावांचून जात ठरत नाहीं. दिल्लीचें राष्ट्रीय निसर्ग संग्रहालय 26 एप्रिल 2016 रोजीं जळालें आणि ब्राझीलचें राष्ट्रीय संग्रहालय 2 सप्टेंबर 2018 रोजीं. अशा आगींत जें जळतें तें कोणताही संगणक परत आणूं शकत नाहीं. परंतु ज्याची नोंद झालेली असते त्याची निदान चिठ्ठी तरी उरते.

आमच्या पेटींत एक मोठें काळें फुलपांखरूं आहे. त्याच्या मागल्या पंखांवर निळी झांक आहे. तें नीलवंत होय. 2015 सालीं महाराष्ट्रानें त्यास राज्याचें फुलपांखरूं ठरविलें. पेटीचें छायाचित्र आम्हीं यंदा काढून ठेविलें आहे व नीलवंताच्या टांचणीस एक कोरी चिठ्ठी लाविली आहे. पालकांपैकीं जे या शाळेचे जुने विद्यार्थी आहेत त्यांतील कोणास तें कोणत्या सालीं, कोणत्या रानांत सांपडलें हें आठवत असल्यास त्यांनीं विज्ञानाच्या शिक्षकांस कृपा करून कळवावें.