भाला कुणाचा?

मंडळी, गोष्ट २०२२ च्या उन्हाळ्यातली. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा भरणार म्हटल्यावर आमच्या घरात तिकिटांची धांदल उडाली. आम्ही राहतो कॉव्हेंट्रीत, म्हणजे मैदान जवळजवळ अंगणातच. एरवी खेळ म्हटला की आम्ही सोफा सोडत नाही. पण ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोला नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवलं, आणि त्या दिवसापासून आमच्या चिरंजीवांनी बागेतल्या टोमॅटोच्या काठ्या फेकायला सुरुवात केली. शेजाऱ्यांचं कुंपण दोनदा दुरुस्त करून दिल्यावर सौ. म्हणाल्या, "त्याला एकदा खरा भाला बघू दे, म्हणजे काठ्या तरी वाचतील." भालाफेकीची अंतिम फेरी होती ७ ऑगस्टला, म्हणजे टोकियोला बरोब्बर एक वर्ष झाल्यावर. तीन तिकिटं काढली.

आता नीरजबद्दल आम्हा मराठी माणसांना जरा जास्तच आपुलकी. गडी पानिपतजवळच्या खंडरा गावचा. त्याचा रोड समाज स्वतःला १७६१ च्या लढाईनंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण नीरजने भाला पहिल्यांदा हातात घेतला तो पानिपतच्या शिवाजी स्टेडियममध्ये, यावर तर आहे! पानिपत, शिवाजी आणि भाला एवढं जमून आल्यावर आम्ही चिरंजीवांना ती कथा तीनदा ऐकवली. चौथ्यांदा सौ. नी थांबवलं.

आणि २६ जुलैला बातमी आली: अमेरिकेत जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवताना नीरजच्या जांघेचा स्नायू दुखावला, बर्मिंगहॅमला तो येणार नाही. घरात सुतकच. तिकिटं परत करावीत का, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी 'पैसे दिलेत, जाऊया' हा अस्सल मराठी निकाल लागला.

पेरी बारच्या अलेक्झांडर स्टेडियमवर पोचलो तेव्हा लोकांच्या तोंडी आदल्या दिवशीचीच चर्चा होती. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला होता. केनियाच्या पहिल्या धावपटूपेक्षा फक्त ०.०५ सेकंदाने मागे. म्हणजे आष्टी तालुक्यातला आपला माणूस इथे धावत असताना आम्ही घरी गवत कापत होतो. एक दिवसाने चुकलो! असो.

आमच्या पुढच्या रांगेत एक पाकिस्तानी कुटुंब होतं. यात नवल काही नाही. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे बर्मिंगहॅममध्ये साधारण सहा माणसांत एक पाकिस्तानी वंशाचा. त्यांच्यातले आजोबा ऑगस्टमध्येही शाल पांघरून बसले होते. आमच्या मुलाच्या हातातला तिरंगा पाहून ते मागे वळले आणि म्हणाले, "नीरज नहीं आया. मज़ा आधा रह गया." आम्ही आमच्या पुणेरी हिंदीत "हां, दुखापत हो गई" असं काहीतरी बोललो आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर आम्हाला जरा संशयच आला. प्रतिस्पर्धी आला नाही म्हणून कुणी हळहळतं का?

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी आमच्यातला इंजिनियर जागा झाला. पुरुषांच्या भाल्याचं वजन ८०० ग्रॅम, लांबी २.६ ते २.७ मीटर. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली आणि मैदानं अपुरी पडायची भीती निर्माण झाली. शिवाय तेव्हाचे भाले बऱ्याचदा आडवेच पडायचे, टोक आधी टेकलं की नाही यावरून पंचांचे वाद व्हायचे. मग १९८६ मध्ये भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला. त्यामुळे भाला लवकर नाक खाली घालतो, टोकावर पडतो आणि अंतरही कमी होतं. "फक्त चार सेंटिमीटर!" आम्ही बोटांनी दाखवलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सुरू झालं. बघा."

खरंच सुरू झालं होतं. भारताचे डी. पी. मनू आणि रोहित यादव होते. विश्वविजेता ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स होता. केनियाचा ज्युलियस येगो होता, ज्याने यूट्यूबवर व्हिडिओ पाहून भालाफेक शिकली आणि २०१५ मध्ये थेट विश्वविजेतेपद मिळवलं. आणि कोपराला पट्टी बांधलेला पाकिस्तानचा अर्शद नदीम. मियां चन्नूजवळच्या लहानशा गावचा, एका गवंड्याचा मुलगा.

अर्शदने पहिलाच भाला ८६.८१ मीटरवर टाकला. तिसरा ८८ मीटर. मनूच्या फेकीला पुढच्या रांगेतल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या, हे आम्ही पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. पीटर्स ८८.६४ वर पोचला. मग पाचव्या फेरीत अर्शद धावत आला. भाला हातातून सुटला तेव्हाच मैदानाला कळलं असावं, कारण तो अजून हवेत होता आणि लोक उठायला लागले होते. ९०.१८ मीटर! दक्षिण आशियातल्या कुठल्याच माणसाने तोवर नव्वदी ओलांडली नव्हती. आपल्या नीरजचा विक्रम तेव्हा ८९.९४ होता, फक्त सहा सेंटिमीटर अलीकडे.

सारं स्टेडियम उभं. चिरंजीव खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटतायत, सौ. टाळ्या वाजवतायत, पुढचे आजोबा शालीने डोळे पुसतायत. आणि आमचे हात मांडीवर. मुद्दाम ठेवले होते असं नाही. ते उठलेच नाहीत.

अर्शदला सुवर्ण, पीटर्सला रौप्य, येगोला ८५.७० मीटरवर कांस्य. मनू ८२.२८ मीटरसह पाचवा, रोहित ८२.२२ मीटरसह सहावा. परतीच्या गाडीत चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, तुम्ही टाळ्या का नाही वाजवल्या?"

"अरे, हातात कॅमेरा होता ना."

घरी आल्यावर त्याने फोटो मागितला. फोटो नव्हता.

वाचकहो, बरोब्बर तीन आठवड्यांनी, २८ ऑगस्टला दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. त्यानंतर आमच्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या लेस्टरमध्ये दोन समाजांतली तरुण पोरं रस्त्यावर उतरली. सप्टेंबरभर ते धुमसत होतं. यातली कित्येक पोरं याच देशात जन्मलेली. त्यांना हे कुणी शिकवलं, असं आम्ही जेवताना म्हणालो. सौ. नी नुसतं आमच्याकडे पाहिलं. मांडीवरचे हात त्यांनीही पाहिले होते.

तेव्हा आम्हाला टोकियोतला एक प्रकार आठवला. अंतिम फेरीत नीरजला आपला भाला सापडेना, तो अर्शदच्या हातात होता. नीरजने मागितला, त्याने दिला. एवढंच. नीरजने मुलाखतीत हे सहज सांगितलं आणि आपल्याकडच्या काहींनी त्यातून कटकारस्थान शोधून काढलं. शेवटी नीरजलाच जाहीरपणे सांगावं लागलं, की माझ्या नावावर असली घाण पसरवू नका. नियम असा आहे की खेळाडूने आपला भाला तपासणीसाठी जमा केला की तो मैदानात सगळ्यांसाठी खुला होतो, स्पर्धेतल्या कुणीही उचलावा. हा नियम आम्ही चिरंजीवांना समजावून सांगितला. गुरुत्वमध्यापेक्षा त्यांना हा जास्त पटला.

८ ऑगस्ट २०२४, पॅरिस. अर्शद ९२.९७, ऑलिंपिक विक्रम. नीरज ८९.४५, रौप्य. नीरजच्या आई म्हणाल्या, सुवर्ण ज्याने मिळवलं तोही आपलाच मुलगा. आम्ही सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या, अगदी मोठ्याने. चिरंजीवांनी मान वळवून विचारलं, "आज कॅमेरा नाही का हातात?" दोन वर्षं लक्षात ठेवलं होतं पठ्ठ्याने!

यावरून सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. २०२५ च्या एप्रिलमध्ये नीरजने बंगळूरच्या आपल्या स्पर्धेचं आमंत्रण अर्शदलाही पाठवलं. लगेच पहलगामचा हल्ला झाला आणि नीरजला नाही नाही ते ऐकून घ्यावं लागलं, त्याच्या आईलाही. पुढे त्याने स्वच्छ सांगितलं, की आमची तशी घट्ट मैत्री कधी नव्हतीच. आम्हाला हे आवडलं. मैत्री असो वा नसो, नव्वद मीटर म्हणजे नव्वद मीटर. दाद द्यायला मैत्री लागतेच असं नाही, आणि दाद दिली म्हणून आपला तिरंगा खाली ठेवावा लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरज आठवा, अर्शद दहावा आला. आपला सचिन यादव ८६.२७ मीटर टाकून चौथा. जिंकला त्रिनिदादचा केशॉर्न वॉलकॉट, ज्याने २०१२ मध्ये इथे लंडनला एकोणिसाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं होतं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. सचिनसाठी आधी आणि जरा जास्त, हे कबूल.

पुढच्या रांगेतले ते आजोबा पुन्हा कुठे दिसले, तर त्यांना एक सांगायचं राहिलंय. मज़ा आधा नव्हता. आमचे हात तेवढे उशिरा उठले.