दात तुटला की झिजला?

एका महिन्यात माझ्या गाडीने तीन गिअर खाल्ले. तीन!

गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी बग्गी. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. नागपूरच्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतलेली. पैसे कुठून आले? सातवी-आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, त्यातून. ऊर्जानगरच्या मैदानात ती पहिल्यांदा पळाली तेव्हा क्रिकेट खेळणारी पोरंही खेळ थांबवून बघत उभी राहिली. माझी कॉलर ताठ! चौथ्या दिवशी मात्र कर्रर्र असा आवाज आला. मोटर फिरतेय, गाडी जागेवरच. उघडून पाहिलं तर प्लास्टिकच्या मोठ्या चक्राचे, म्हणजे स्पर गिअरचे दाते सफाचट.

नवा मागवला. आठ दिवसांनी आला. सहा दिवस चालला. पुन्हा मागवला, पुन्हा आठ दिवस वाट पाहिली. तो तीन दिवसांत गेला. चौथा मागवायला मोबाईल हातात घेतला तेव्हा बाबा ड्युटीवरून आले. ते वीज केंद्रात फिटर आहेत. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या गिअरबॉक्सवर त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली.

"काय करून राहिला?"

"गिअर मागवून राहिलो. पुन्हा गेला."

"दात तुटला का झिजला?"

"काय फरक पडते बाबा? गेला ना शेवटी."

"फरक पडत नसता तर मले पगार कायले देते?"

त्या दिवसापासून हा एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसलाय. आणि माझं स्पष्ट मत झालंय की, आपण सगळे, म्हणजे ही हौस असलेली पोरंपोरी, हा प्रश्न विचारतच नाही. आपण फक्त पार्ट बदलतो.

दाते बोलतात

बाबांनी तिन्ही गिअर ट्यूबलाईटखाली धरले आणि अक्षरशः वाचले. त्यांच्याकडून आणि नंतरच्या ठेचांमधून जे शिकलो ते सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही.

एकाच जागचे तीन-चार दाते उडालेत आणि बाकीचे ठणठणीत आहेत? मग मध्ये खडा अडकला, किंवा चाक अडकलेलं असताना तुम्ही थ्रॉटल दाबून ठेवला. सगळ्या दात्यांची फक्त टोकं कापली गेलीत? मग पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं धातूचं चक्र, स्पर गिअरपासून लांब बसलंय. दाते नीट गुंतत नाहीत, नुसते एकमेकांना ओरबाडतात. सगळे दाते बारीक, सुरीसारखे टोकदार झालेत? मग ती धूळ आहे, नाहीतर वय. आणि दाते एकाच कडेला जास्त झिजलेत? मग गिअर बिचारा निर्दोष आहे. त्याला धरणारा शाफ्टच तिरका होतोय.

माझा पहिला गिअर सुरीसारखा झाला होता. दुसरा आणि तिसरा एका कडेने खाल्लेले. बाबांनी स्पर गिअर दोन बोटांत धरून हलवला. डुगडुगला. "प्ले हाय याच्यात. बेअरिंग गेलं." बेअरिंग काढून बोटावर फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं खरखरलं. म्हणजे ताण आला की शाफ्ट हलायचा, शाफ्ट हलला की गिअर पिनियनपासून सरकायचा, आणि दाते जायचे. वर जुना पिनियन स्वतःच झिजून धारदार झालेला. धातूचा झिजलेला पिनियन प्लास्टिकचा नवा गिअर कानसीसारखा घासतो. मी दर वेळी मेलेल्याला बदलत होतो आणि मारणाऱ्याला तिथंच ठेवत होतो!

दोन बेअरिंगं आणि एक पिनियन, एवढं बदललं. चौथा गिअर आज आठ महिने झाले, चालतोय.

आपली हवा, आपला उन्हाळा

परदेशातले व्हिडिओ बघून गाडी सांभाळणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. त्यांची धूळ वेगळी, आपली वेगळी. ऊर्जानगरात सकाळी अंगणातल्या तुळशीच्या पानावर बोट फिरवा, काय ते कळेल. कोळशाची भुकटी, राख, मैदानाची माती. राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं, आणि दोन्ही कठीण. आता उघड्या स्पर गिअरला तुम्ही प्रेमाने ग्रीस फासलंत तर काय होईल? ग्रीस ही धूळ धरून ठेवेल आणि त्याचा घासायचा मलम तयार होईल. म्हणून ग्रीस फक्त बंद गिअरबॉक्समध्ये. उघडा गिअर कोरडाच ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर जुन्या टूथब्रशने साफ करा. बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. धार नको.

दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. प्लास्टिकचा गिअर आधीच नरम, त्यात मोटर तापलेली. अशा वेळी वेग वाढवायला मोठा पिनियन घालणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं. हिशेब साधा आहे. ८७ दात्यांचा स्पर आणि २१ दात्यांचा पिनियन असेल तर मोटरचे ४.१४ फेरे झाले की स्पर गिअरचा एक होतो. तिथं २५ दात्यांचा पिनियन घातला तर ३.४८ फेऱ्यांतच. वेग वाढला, खरंय. पण तीच मोटर आता जास्त ओझं ओढते, जास्त करंट खाते, जास्त तापते. तिच्या उष्णतेने गिअर नरम पडतो आणि कंपनाने मोटरचा स्क्रू सैल होतो. मग आपण म्हणतो, "क्वालिटीच बोगस आहे यार."

आवाजही ऐकायला शिका. थ्रॉटल दाबल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर पिनियन फार घट्ट बसलाय. करकर वाजलं तर सैल आहे. फक्त वळताना टकटक होत असेल तर गिअरला हात लावू नका, चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्या आणि त्या ज्यात बसतात ते कप तपासा. मोटर फिरते पण चाक फिरत नाही? आधी पिनियनचा छोटा स्क्रू बघा. तो मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवर बसलेला असावा लागतो. गाडी उचलून मागचं एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने सहज फिरलं तर डिफरन्शियल बरं आहे. अडखळलं तर आत काहीतरी शिजतंय.

यातल्या कशाला महागडं मशीन लागतं? एक ॲलन की, एक टूथब्रश आणि दोन कान.

"खेळणंच तर आहे!"

मित्र म्हणतात, एवढा कशाला कीस पाडतो बे? खेळणंच तर आहे. गिअर काही शेकड्यांत येतो, वेळ जास्त महाग आहे.

ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी हे खरंही असेल. पण आमच्या मैदानात येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांचे वडील कंत्राटी कामगार आहेत. त्यांनी वर्षभर पैसे साठवून गाडी घेतलेली असते. दोन गिअर गेले की गाडी माळ्यावर जाते आणि कायमची तिथंच राहते. अशा तीन गाड्या मला आपल्या वसाहतीत माहीत आहेत. म्हणजे दुरुस्ती न येणं हे या खेळाला आपोआप श्रीमंतांचा खेळ करून टाकतं. मला हे खटकतं.

हा खेळ असा नव्हता. १९७६ साली तामिया या जपानी कंपनीने रिमोटवरची पोर्शे ९३४ बाजारात आणली, तीही सुट्या भागांच्या किटमध्ये. गाडी आधी जोडायची, मग पळवायची. जोडणाऱ्याला प्रत्येक बेअरिंग कुठं बसतं ते हाताने माहीत व्हायचं. आता बहुतेकांची पहिली गाडी खोक्यातून काढली की पळणारी असते. सोय झाली, पण ओळख गेली.

आणि गंमत बघा, आपण राहतो कुठं? ज्या वीज केंद्रात २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच असे संच आहेत, २९२० मेगावॅट क्षमता आहे, त्याच्या सावलीत. तिथली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते आणि तिच्या बेअरिंगचं तापमान, कंपन यावर रात्रंदिवस नजर असते. माझ्या मुठीएवढ्या मोटरचा आकडा ३००० केव्ही आहे. ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर, मोकळी फिरताना, ती मिनिटाला २२ हजारांच्या वर फेरे घेते. टर्बाइनच्या सातपट! आणि तिच्या गाडीतलं बेअरिंग आपण वर्षभरात एकदाही काढून बघत नाही. घराघरात स्क्रूड्रायव्हर कानाला लावून मशीनची तब्येत सांगणारे बाप आहेत, आणि पोरं यूट्यूबवर "बेस्ट अपग्रेड" शोधताहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मार्क कशाला द्यायचे?

यात चूक एकट्या पोरांची नाही. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टपासून आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांपर्यंत अनेक ठिकाणी रिमोट गाड्यांच्या शर्यती होत आल्यात. मार्क कशाला? वेळेला. कोण आधी पोचला. मग साहजिकच सगळे मोठी मोटर, मोठी बॅटरी, मोठा पिनियन यांच्या मागे लागतात. ज्याचा खिसा जड, त्याची गाडी पुढे.

माझं म्हणणं एवढंच आहे. शंभरातले वीस मार्क दुरुस्तीला ठेवा. शर्यत संपली की प्रत्येक टीमने दहा मिनिटांत परीक्षकांसमोर गिअरबॉक्स उघडायचा, सगळ्यात जास्त झिजलेला भाग दाखवायचा आणि तो का झिजला हे सांगायचं. बस्स. परीक्षक म्हणून बाहेरून मोठा पाहुणा बोलवायची गरज नाही. ऊर्जानगर, दुर्गापूरमध्ये रिटायर झालेले फिटर हवे तेवढे मिळतील. पोरांनाही कळेल की, आपल्या बापाला जे येतं ते कोर्स लावूनही सहज मिळत नाही.

तोवर आपण आपल्यापुरती सुरुवात करू. आमच्या ग्रुपमध्ये आता नियम आहे. गिअर गेला की आधी त्याचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, तुटला की झिजला, आणि का. कारण कळल्याशिवाय नवा मागवायचा नाही. मैदानात अंधार पडेपर्यंत थांबायची सोय नाहीच, वाघ-बिबट्याचा भाग आहे आपला. साडेसहाला सगळे घरी. मग रात्री व्हरांड्यात गाड्या उघडून बसतो. कधीकधी बाबाही येऊन बसतात. पूर्वी आमचं बोलणं "जेवला का?" आणि "रिझल्ट कधी?" यापुढे जात नव्हतं. परवा त्यांनी स्वतःहून विचारलं, "डिफ उघडला का रे? आण इकडे, पाहू दे."

जाता जाता एक काम. पिनियन आणि स्पर गिअरमध्ये किती अंतर ठेवायचं हे मोजायला यंत्र लागत नाही. दोन्हींच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवायची, पिनियन दाबून मोटरचे स्क्रू आवळायचे आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर नागमोडी घड्या पडल्या पण ती फाटली नाही, म्हणजे अंतर बरोबर.

वही शोधत बसू नका. लेख वाचून झालाय ना? याच पानाची कड फाडा.