फिनेलच्या वासाने पार्व्हो मरत नाही

छावणीत कुणाच्या घरचं मांजराचं पिल्लू गेलं की आठवड्याच्या आत कुणीतरी बुटाच्या खोक्यात दुसरं घेऊन दारात उभं राहतं. "ठेवून घ्या भाभी, मुलांचं मन रमेल." भावना चांगली आहे. पण पहिलं पिल्लू पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या पार्व्होने गेलं असेल, तर ही दुसऱ्याच्या मरणाची तजवीज आहे. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

हा विषाणू आतडी आणि अस्थिमज्जा पोखरतो. उलट्या, जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात. लहान पिल्लू काही दिवसांत संपतं. विषाणू मात्र घरातच राहतो, वर्षभरसुद्धा. "आम्ही तीनदा फिनेलने पुसलं" हे उत्तर मी ऐकून थकलोय. स्पिरिट, सॅनिटायझर, फिनेल यांना तो दाद देत नाही. उलट फिनेल मांजरालाच विषारी.

अणू-जैविक-रासायनिक युद्धाचं प्रशिक्षण घेतलेल्यांना क्रम पाठ असतो: आधी मळ काढा, मग रसायन, मग घड्याळ बघा. इथेही तेच. साबणाने घासून धुवा. मग एक भाग घरगुती ब्लीच, बत्तीस भाग पाणी, ताजं कालवलेलं. फरशी त्यात दहा मिनिटं ओली राहू द्या. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, खिडक्या उघड्या ठेवा. मांजराची गादी, टोपली, मातीचा ट्रे सरळ टाकून द्या. बागेच्या मातीत ब्लीच निकामी, तिथे हा उपाय चालत नाही.

"पण लस दिलीय की!" किती डोस? सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावे लागतात, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीला काम करू देत नाहीत. एका टोचणीवरचं पिल्लू अशा घरात आणू नये. डोस दुसऱ्या घरी पूर्ण होऊ द्या, किंवा लस झालेलं मोठं मांजर आणा. मुलं थांबतात हो, मोठ्यांनाच घाई असते.

गावाकडे मांजरं बिनलसीचीच वाढतात, असं आमचे निवृत्त सुभेदार साहेब सुनावतात. वाढलेली दिसतात, साहेब. गोठ्यामागे मेलेली कुणी मोजली?

आणि आपलं फौजी घर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. क्वार्टर सोडताना पंखे, गिझर, पडद्यांचे दांडे मोजले जातात, तडकलेल्या काचेचे पैसे कापले जातात. इथे पार्व्होचं मांजर होतं, ही नोंद कुठल्याच रकान्यात नाही. पुढचं कुटुंब पिल्लू घेऊन येतं आणि त्याच फरशीवर सोडतं. आपण पेरलेल्या सुरुंगांचा नकाशा पुढच्या पलटणीला सही घेऊन देणारे आपण! त्या यादीत एक ओळ वाढवा: कोणता आजार, कोणता महिना. तोवर ओट्यावर चिठ्ठी ठेवून निघा, आणि नव्या माणसाला फोनही करा.