राजधान्या पाठ करा, पण तिथेच थांबू नका

फ्रान्सची राजधानी? पॅरिस. जपानची? टोकियो. मंगोलियाची? इथे थोडं अडखळायला होतं, पण कोणीतरी "उलानबाटर!" असं ओरडतंच. शाळेतली भूगोलाची क्विझ जवळ आली की ग्लेन वेव्हर्लीतल्या घराघरांत हा खेळ सुरू होतो. आई भाजी चिरता चिरता देशाचं नाव घेते आणि तुम्ही राजधानी सांगता.

मग एक प्रश्न हमखास येतो. "फोनवर हे एका सेकंदात मिळतं. मग पाठ कशाला करायचं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी आयटीत काम करते, म्हणजे माहिती साठवणं आणि शोधणं हाच माझा रोजचा उद्योग. तरीही माझं मत असं आहे: राजधान्या जरूर पाठ करा. फक्त नाव पाठ झालं की अभ्यास संपला, असं समजू नका. प्रत्येक नावाला एक प्रश्न विचारा. ही राजधानी इथेच का?

आधी पाठांतराबद्दल बोलू. मी महाराष्ट्रात, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले. आम्हाला पाढे पाठ, कविता पाठ, राज्यं आणि त्यांच्या राजधान्याही पाठ. अर्थ न समजता तेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहणं, याला मराठीत 'घोकंपट्टी' म्हणतात. हा शब्द लोक बहुतेक वेळा नाक मुरडूनच वापरतात. पण पाठ असलेल्या गोष्टीचा एक मोठा फायदा असतो. ती न बोलावता मदतीला येते. बातम्यांमध्ये 'नैरोबी' हे नाव आलं आणि ते ओळखीचं असेल, तर आपले कान टवकारतात. ओळखीचं नसेल, तर बातमी कानावरून निघून जाते. फोन तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे खरं. पण प्रश्न सुचायला डोक्यात आधी काहीतरी असावं लागतं.

शिवाय पाठांतरात मजाही आहे. गावांच्या भेंड्या खेळून बघा. एकाने नाव सांगायचं, दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचं नाव सांगायचं. नियम एकच, सगळ्या राजधान्याच हव्यात. कॅनबेरा, रोम, माद्रिद, दोहा, हवाना, नैरोबी, बर्लिन... आता 'न' आला. सांगा पुढचं!

आता दुसरी बाजू. समजा, तुम्हाला क्विझसाठी एक छोटं अ‍ॅप बनवायचं आहे. तुम्ही दोन रकान्यांचा तक्ता कराल. एका रकान्यात देश, दुसऱ्यात राजधानी. सोपं वाटतं ना? पण दक्षिण आफ्रिका आली की तक्ता बिघडतो. तिथे तीन राजधान्या आहेत. सरकार प्रिटोरियात, संसद केपटाउनमध्ये आणि वरचं न्यायालय ब्लूमफाँटेनमध्ये. १९१० मध्ये चार वसाहती एकत्र आल्या, तेव्हा कोणी नाराज होऊ नये म्हणून ही वाटणी झाली. आपल्या जवळच्या नाउरू बेटाला तर अधिकृत राजधानीच नाही. कझाकस्तानने १९९७ मध्ये अल्माटी सोडून दुसऱ्या शहरात राजधानी नेली. पुढच्याच वर्षी त्या शहराला 'अस्ताना' हे नाव दिलं. कझाक भाषेत अस्ताना म्हणजे राजधानीच! २०१९ मध्ये नाव बदललं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झालं.

म्हणजे राजधानी ही डोंगर किंवा नदीसारखी आपोआप तयार होत नाही. ती माणसं ठरवतात. ठरवताना भांडतात, रुसतात, तडजोड करतात. दोन रकान्यांच्या तक्त्यात नेमकं हेच मावत नाही.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच देशात आहे. मराठीत आपण 'कॅनबेरा' म्हणतो, तुमच्या शाळेत सगळे 'कॅन्ब्रा' म्हणतात. सिडनी मोठं, मेलबर्न मोठं, मग राजधानी कॅनबेरा का? १९०१ मध्ये सहा वसाहती मिळून ऑस्ट्रेलिया हा एक देश झाला. राजधानीचा मान सिडनीलाही हवा होता आणि मेलबर्नलाही. मग राज्यघटनेतच लिहून टाकलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून निदान १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर लांब. आणि ती तयार होईपर्यंत संसद मेलबर्नमध्ये भरेल. दोघांनाही थोडं थोडं मिळालं.

ही 'तोपर्यंत'ची व्यवस्था १९२७ पर्यंत चालली. त्या काळात देशाची संसद मेलबर्नच्या स्प्रिंग स्ट्रीटवरच्या इमारतीत भरायची. ग्लेन वेव्हर्ली स्टेशनवरून गाडीत बसा आणि पार्लमेंट स्टेशनला उतरा. बाहेर आलात की ती इमारत समोर दिसेल.

कॅनबेराचा आराखडा वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि त्यांची पत्नी मॅरियन महोनी ग्रिफिन या शिकागोच्या वास्तुरचनाकारांचा. पुढे ग्रिफिन कामासाठी भारतात गेले आणि १९३७ मध्ये लखनौला वारले. कॅनबेराच्या तळ्याला त्यांचं नाव आहे. एका राजधानीचा धागा धरला, तर शिकागो, कॅनबेरा आणि लखनौ अशी तीन शहरं हाताला लागली. फक्त 'ऑस्ट्रेलिया, कॅनबेरा' एवढंच घोकलं असतं, तर यातलं काहीच कळलं नसतं.

आता महाराष्ट्राकडे या. महाराष्ट्राची राजधानी मुंबई, हे तुम्हाला माहीत आहे. पण हे इतकं सहज ठरलेलं नाही. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्र सरकारच्या ताब्यात ठेवायचा बेत होता. लोक रस्त्यावर उतरले. या संयुक्त महाराष्ट्र चळवळीत शंभराहून जास्त माणसांचा जीव गेला. शेवटी १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ या माणसांचं स्मारक आहे. त्या जागेला 'हुतात्मा चौक' म्हणतात.

आणि नागपूर? ते १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. महाराष्ट्रात येताना त्याचा तो मान गेला. म्हणून विधानसभेचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरवायची पद्धत पडली. सिडनी आणि मेलबर्नसारखीच ही तडजोड, नाही का?

त्याआधीचा काळ बघा. शिवाजी महाराजांची राजधानी आधी राजगड, मग रायगड. १६८९ मध्ये मोगलांनी रायगड घेतला, तेव्हा राजाराम महाराज थेट दक्षिणेत जिंजीला गेले आणि तिथून राज्य चालवलं. नंतर सातारा राजधानी झाली. नुसती ही नावं ओळीने लावली, तरी राज्य कधी सुरक्षित होतं आणि कधी संकटात होतं, ते समजतं.

तुम्ही म्हणाल, "जगात १९० पेक्षा जास्त देश आहेत. प्रत्येकाचं कारण कधी शोधायचं?" सगळ्यांचं नकोच. आठवड्याला एक पुरे. वर्षभरात पन्नास होतील. क्विझमध्ये कारण विचारत नाहीत, हेही मला मान्य आहे. म्हणून क्विझ घेणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझं सांगणं आहे: नावाला एक गुण द्या आणि 'इथेच का?' याच्या उत्तराला दोन. मुलं आपोआप कारणं शोधायला लागतील.

मराठीचंही असंच आहे. या पुस्तकातले शब्द तुम्ही यादी करून पाठ करता. करायलाच हवेत, कारण शब्दच नसतील तर बोलणार काय? 'हुतात्मा' हा शब्दही यादीत असेल. हुतात्मा म्हणजे एखाद्या कामासाठी प्राण देणारा. पाठ झाला, एक गुण मिळाला. पण मुंबईची गोष्ट ऐकल्यावर तोच शब्द पुन्हा वाचा. आता तो यादीतला शब्द राहत नाही. त्याच्या मागे माणसं उभी असलेली दिसतात.

विचार करा आणि बोला

१. कॅनबेरा आणि नागपूर यांच्या गोष्टींत तुम्हाला कोणतं साम्य दिसतं?
२. घरातल्या मोठ्यांना विचारा: हुतात्मा चौकाबद्दल त्यांना काय माहीत आहे?
३. 'फोन असताना पाठांतर नकोच' असं तुमचं मत असेल, तर या लेखाला मराठीत पाच वाक्यांत उत्तर द्या.