जामीन बँकेला मिळाला, आपल्याला नाही

लावणी उरकली, खाचरांचे बांध बघून आलो, तर म्हटलं डोक्यात घोळत असलेलं लिहून टाकावं.

परवा पौडला गिरणीच्या कर्जावर बोलणं चाललं होतं. एक जण म्हणाला, "आता तारण लागत नाही, सरकार जामीन आहे." शेजारचा लगेच, "मग घेऊन टाकू की, बुडालं तर सरकार भरंल!" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

कृषी पायाभूत सुविधा निधी २०२० साली आला. गोदाम, भातगिरणी, प्रतवारी यंत्र अशा कामाला २ कोटीपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत, वर पतहमी, आणि हमीची फी सरकार भरतं. २० लाख कर्ज असेल तर पहिल्या वर्षी साधारण ६० हजार वाचतात. योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही.

पण हमी कुणाला? बँकेला. आपण थकलो तर हमी देणारा ट्रस्ट बँकेला ठरलेला हिस्सा देतो. आपलं कर्ज त्यानं फिटत नाही. नोटीस येते, वसुली चालू राहते, सिबिल बिघडतं ते वेगळंच. जामीनदार बँकेच्या बाजूला बसलाय हे आधी डोक्यात घ्या.

बरं, हमी असूनही आमच्या गटाला एका बँकेत पहिला प्रश्न आला, "सातबारा आणलाय का?" मुळशीत ही गंमत आहे. आमच्या जमिनीला भाव भाताचा नाही, प्लॉटचा आहे. साहेबांनी इंद्रायणीचं उत्पन्न किती, तांदळाला गिऱ्हाईक कुठलं, एका शब्दानं विचारलं नाही. रस्त्यापासून जमीन किती आत आहे ते मात्र विचारलं. तारण न घेता कर्ज मिळावं म्हणूनच तर हमी आणली ना? मग हमीही घ्यायची आणि जमीनही अडकवायची, हे कसं?

दुसरा प्रकार स्मार्ट प्रकल्पाचा. २१०० कोटींचा प्रकल्प, त्यात १४७० कोटी जागतिक बँकेचं कर्ज, ५६० कोटी राज्याचे आणि ७० कोटी कंपन्यांच्या सामाजिक निधीतले. शेतकरी कंपनीला ६० टक्के अनुदान, ४० टक्के स्वतःचे किंवा कर्जाचे. शहरातली माणसं याला ब्लेंडेड फायनान्स म्हणतात. आपल्या भाषेत, चार जणांनी मिळून बैल घेतला. माझं म्हणणं एवढंच, की बैल मेला तर पहिला तोटा कुणाचा ते आधी लिहून ठेवा. आज तो आपला असतो. अनुदान टप्प्याटप्प्यानं येतं, हप्ता मात्र तारखेला लागतो. अन् कापलेल्या भातावर ऑक्टोबरात पाऊस पडला की गिरणीत घालायला भातच नसतो.

मोठं भांडवल या खोऱ्याला नवीन नाही म्हणा. १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबर मुळशी पेट्यातली माणसं धरणाविरुद्ध उभी राहिली. वीज मुंबईला गेली, खाचरं पाण्याखाली. तेव्हा पैसा कुणाचा आणि जोखीम कुणाची, हे आमच्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मी कर्जाच्या विरोधात नाही. गिरणी झाली तर तांदूळ आम्ही विकू, तूस-कोंडाही आमचाच राहील. भात विकून तांदूळ विकत घ्यायचा, हे किती दिवस चालायचं?

म्हणून गटात मी तीन गोष्टी मांडल्यात. हप्ता महिन्याचा नको, तांदूळ विकल्यावर वर्षातून एकदा, फेब्रुवारीत. या निधीच्या कर्जात परतफेड सुरू व्हायच्या आधी ६ महिने ते २ वर्षं सवड देता येते, ती पूर्ण २ वर्षं मागायची. आणि हमी घेतली असेल तर सातबाऱ्यावर बोजा नको, तसं बँकेकडून लेखी घ्यायचं. तोंडी नाही.

आमच्यातले दोघे म्हणतात, इतक्या अटी घातल्या तर कर्ज मिळणारच नाही. असेलही. रविवारी बैठक आहे, सह्या करायच्या की नाही ते तिथं ठरेल. मावळ, भोर, वेल्ह्यात कुणाला जमीन न अडकवता खरंच गिरणीचं कर्ज मिळालं असेल तर त्याआधी कळवा. किती मिळालं, हप्ता कसा बसवला, तेवढं सांगा.