खुले दार आणि जागता पहारा

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. दुसऱ्या कोणी तिकडे दुर्लक्ष केले असते. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी संगणकविश्व हादरले. 'एक्सझेड युटिल्स' या मुक्त सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट दडवलेली होती. त्या सर्वत्र पसरल्या असत्या, तर लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरच्या किल्ल्या परक्याच्या हाती गेल्या असत्या.

हा चोर भिंत फोडून आलेला नव्हता. 'जिया टॅन' हे नाव धारण करून तो २०२१ पासून सहकारी म्हणून वावरत होता. विनामोबदला राबणाऱ्या मूळ सांभाळकर्त्यावर २०२२ मध्ये अनोळखी नावांनी दबाव आणण्यात आला आणि कारभाराचे अधिकार हळूहळू या 'मदतनिसा'कडे आले. विश्वास संपादन करून विश्वासघात करण्याची ही रीत जुनीच. साधने तेवढी नवी!

यावरून मुक्त सॉफ्टवेअर असुरक्षित ठरवणे हा उतावीळपणा होईल. मूळ संहिता खुली होती, म्हणूनच फ्रॉइंड यांना चोरापर्यंत पोहोचता आले. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत ग्राहकासाठी सारी दृष्टीआड सृष्टीच असते. तथापि, पाहता येणे आणि कोणीतरी प्रत्यक्ष पाहणे यांत मोठे अंतर आहे. २०१२ मध्ये 'ओपनएसएसएल'मध्ये शिरलेला 'हार्टब्लीड' हा दोष २०१४ पर्यंत जगाच्या ध्यानी आला नव्हता. प्रत्येकाला वाटत होते, दुसरा पाहत असेल. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कारभारात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. परावलंबन टाळणारे हे धोरण स्वागतार्हच आहे. परंतु फुकट मिळालेल्या संहितेवर नागरिकांची खासगी माहिती विसंबून ठेवायची, तर तिची तपासणी फुकट होणार नाही. कोणत्या प्रणालीत कोणते घटक वापरले आहेत याची नोंद ठेवणे, स्वतंत्र परीक्षण करवून घेणे आणि एकाकी सांभाळकर्त्यांना अर्थबळ व मनुष्यबळ पुरवणे, हे शासनाचे आणि या संहितेवर नफा कमावणाऱ्या उद्योगांचे कर्तव्य आहे. आपल्या तरुण अभियंत्यांनीही आठवड्यातील काही तास या कामाला द्यावेत. तीही समाजसेवाच आहे.

दार खुले ठेवण्यात धोका नाही. पहारेकरी नेमल्याचे गृहीत धरून सर्वांनी झोपी जाण्यात आहे.